रास ऑक्टोबरची, पैसे फेब्रुवारीचे

१४ ऑक्टोबर २०२४ ला आमच्या खळ्यावर सोयाबीनची रास पडली, आणि तिच्यातल्या शेवटच्या कट्ट्याचे पैसे १४ फेब्रुवारी २०२५ ला मामांच्या खात्यावर आले. मामा म्हणजे माझे सासरे. सातबारा त्यांच्या नावावर आहे, शेती मात्र गेली आठ वर्षं मी बघते. आमचे हे पुण्याला गाडीवर असतात. लातूर जिल्ह्यात पाच एकर काळी जमीन, खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा, कडेला तुरीच्या चार ओळी. आमच्या भागात निम्म्याहून जास्त घरांची शेती अशीच आहे.

मधल्या चार महिन्यांत हमीभावानं सोयाबीन विकायचं म्हणून मी जे केलं ते इथं लिहिते आहे. हमीभावाबद्दल मोठी माणसं फार बोलतात. खळ्यापासून खात्यापर्यंत तो कसा पोचतो, हे त्यात कमी असतं.

त्या वर्षीचा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. जूनमध्ये जाहीर झाला तेव्हा मी मुलीच्या वहीत लिहून ठेवला होता. आधीच्या वर्षी तो ४,६०० होता, म्हणजे २९२ रुपयांची वाढ. सरकारनं धरलेला उत्पादन खर्च ३,२६१ रुपये आणि त्यावर दीडपट, असा तो हिशोब. या खर्चात बी, खत, औषध, मजुरी आणि घरच्या माणसांच्या राबण्याचे पैसे धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि विहीर-अवजारांत गुंतलेल्या भांडवलाचं व्याज धरत नाहीत. स्वामिनाथन आयोगाचं नाव घेऊन शेतकरी जे मागतात ते हा सगळा खर्च धरून दीडपट मागतात. तो वाद मला मान्य आहे. पण त्या वर्षी मला कळलं की जाहीर झालेले ४,८९२ हाती लागणं हीच आधी एक लढाई आहे.

सप्टेंबरच्या १ आणि २ तारखेला मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात आमच्या खालच्या दोन एकरांत पाणी साचलं. ७२ तासांच्या आत विम्याची तक्रार नोंदवायची म्हणून मुलगी मोबाईल घेऊन गुडघाभर चिखलात उभी होती. तरी वरचं शेत वाचलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काढणी केली, बनीम म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग लावला, ताडपत्रीनं झाकला, आणि ढग बघत आठ दिवस काढले. मळणी झाली तेव्हा ३२ क्विंटल भरलं. त्या वर्षाच्या मानानं चांगलं.

रास पडली त्याच संध्याकाळी माणसं दारात. काढणी उक्ती दिली होती, एकरी चार हजार, म्हणजे २० हजार. मळणीवाल्याचे क्विंटलला अडीचशेप्रमाणे ८ हजार. कृषी सेवा केंद्राची जूनपासूनची उधारी १८ हजार, आणि ती फेडल्याशिवाय हरभऱ्याचं बी-खत मिळायचं नव्हतं. झाले ४६ हजार. यातलं कोणीही फेब्रुवारीपर्यंत थांबणारं नव्हतं, आणि त्यांनी का थांबावं? काढणी करणाऱ्या बायकांच्या घरी दिवाळी होतीच की.

म्हणून दुसऱ्या दिवशी १२ क्विंटल आडतीवर घातलं. भाव लागला ४,१००. हमीभावापेक्षा ७९२ रुपये कमी. बारा क्विंटलचे ९,५०४ रुपये तिथंच गेले. आडत्याला दोष देऊन उपयोग नव्हता, बाजारच तेवढा होता. पट्टी हातात देत तो म्हणाला, "वहिनी, बाकीचा माल सरकारच्या हमीभाव केंद्रावर न्या, थांबता येत असंल तर." थांबता येणं हाच सगळा प्रश्न आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

उरलेल्या २० क्विंटलसाठी नोंदणीला गेले. मामांचं आधार, पासबुक, सातबारा आणि त्यावर ई-पीक पाहणीची नोंद लागते. ही पाहणी मी ऑगस्टमध्येच बांधावर उभं राहून मोबाईलवर केली होती, म्हणून निभावलं. ज्यांच्याकडं साधा फोन आहे किंवा ज्यांच्या शिवारात रेंज नाही, त्यांचा पेरा सातबाऱ्यावर कोराच राहतो, आणि मग उभं पीक असूनही कागदावर पीक नसतं. आमचं पासबुकावर नाव एक आणि सातबाऱ्यावर थोडं वेगळं निघालं. ते जुळवायला बँकेत दोन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी नोंदणी झाली. "मेसेज येईल तेव्हा माल आणा," असं सांगितलं.

तेव्हा केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्के होती. आमच्या सोयाबीनचा ओलावा आडतीवरच्या यंत्रानं साडेतेरा दाखवला होता. ऑक्टोबरात काढलेलं सोयाबीन आमच्याकडं बहुधा तेरा-चौदाच्या आसपासच असतं. मागून पाऊस असतो, ऊन कोवळं असतं. म्हणजे खळ्यावरून थेट केंद्रावर नेलं असतं तरी माल परत आला असता. शेजारच्या चुलत दिरांचं तेच झालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते १८ क्विंटल घेऊन गेले, ओलावा चौदा निघाला, परत पाठवलं. येताना वाटेतच बाजारात ४,००० नं विकून आले, कारण परत घरी आणून पसरायला त्यांच्याकडं जागा नव्हती. नोव्हेंबरच्या मध्यात केंद्र सरकारनं अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. निर्णय चांगलाच होता. पण भाऊजींचा माल तोवर कुठल्यातरी तेलगिरणीत पोचला होता.

मी घरात बैठकीच्या खोलीत ताडपत्री टाकून वीस क्विंटल पसरलं. पंधरा दिवस आम्ही स्वयंपाकघरात झोपलो. रोज सकाळी फावड्यानं वरखाली करायचं, दुपारी अंगणात काढायचं, संध्याकाळी आत. मामांना दमा आहे, धुळीनं त्यांचा खोकला वाढला. मी दोनदा म्हटलं, विकून टाकू. ते म्हणाले, "न्हाई. सरकारनं भाव लिहून दिलाय तर त्या भावानं एकदा तरी इकून बघू."

मेसेज डिसेंबरात आला, १७ तारखेचा. गावातलाच ट्रॅक्टर १,८०० रुपये भाड्यानं केला, चाळीस कट्टे भरले आणि पहाटे पाचला निघालो. तरी आमच्या पुढं साठ-सत्तर वाहनं होती. दुपारपर्यंत रांग थोडी सरकली आणि मग थांबली. बारदाना संपला होता. सरकारी खरेदीचा माल ठरलेल्या पोत्यांतच भरायचा असतो, आपले कट्टे चालत नाहीत. तीच पोती आली नव्हती. कधी येतील हे केंद्रावरच्या पोराला ठाऊक नव्हतं. तोही हैराण झालेला, दिवसभर शिव्या खात होता. आज येतील, उद्या येतील असं करत आम्ही दोन रात्री तिथं काढल्या. रांगेत आम्ही तिघी बायका होतो. जवळपास संडासाची सोय नव्हती. अंधार पडायची वाट बघायची आणि तोवर पाणी प्यायचं नाही, असं आम्ही केलं. हमीभाव केंद्राची जागा ठरवताना तिथं बाईमाणूस माल घेऊन येईल हे कोणाच्या मनात आलं नसावं. आमच्या गावात निम्मी शेती आता बायकाच ओढतात.

त्या दोन रात्री शेकोटीभोवती जे बोलणं झालं ते मला फार मोलाचं वाटतं. शेतीचं धोरण या विषयावर मी इतकं नीट बोललेलं कुठं ऐकलं नव्हतं.

एक म्हातारे बाबा होते, पटका बांधलेले. त्यांच्या मनातून २०२१ जात नव्हतं. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात दाणा शिल्लक नव्हता, पण पुढच्या राशीला बरा भाव मिळेल अशी आशा होती. ऑगस्टमध्येच सरकारनं १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. कोंबडीखाद्य महागलं म्हणून. ऑक्टोबरात रास पडेपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. त्याच डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदेही बंद केले. बाबा म्हणाले, "भाव वाढला की आठ दिसांत सरकारला दिसतो. पडला की दोन वर्सं दिसत न्हाई." सगळे गप्प झाले. त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेती पदवीचा एक पोरगा होता, तो मात्र म्हणाला की या वेळी सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, रिफाइंडवरचं साडेबारावरून साडेबत्तीस. मग भाव का चढला नाही? त्यानं वाळूत बोटानं आकडे मांडून दाखवले. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी सगळी पेंड. म्हणजे भाव ठरतो पेंडीवर. आणि पेंडीला गिऱ्हाईक कमी झालंय, कारण मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांतला चोथा पोल्ट्रीवाल्यांना स्वस्त मिळतो. इथेनॉलचं धोरण मका पिकवणाऱ्याला चांगलं आणि सोयाबीनवाल्याला मारक, दोन्ही एकाच सरकारचं. मी इतकी वर्षं सोयाबीन पेरते आहे, आणि हे मला त्या शेकोटीपाशी पहिल्यांदा कळलं.

अनुदानावर मात्र एकमत नव्हतं. पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे ६ हजार, असे बारा. कोणी म्हणालं, हे तुकडे टाकायचं बंद करा आणि भाव द्या. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी त्यावर चिडल्या. त्यांना दोन एकर कोरडवाहू. "तुम्हाला वीस पोती हायती, तुम्हाला भाव पायजे. मला चार पोती होतात. मला त्या दोन हजारांत बी येतं." त्यांचं म्हणणं मला आजही खरं वाटतं. शेतकरी म्हणून एकच एक मत मागितलं तर ते मिळत नाही. कोणाच्या घरात किती पोती येतात यावर ते ठरतं. भावाचा फायदा विकायला माल आहे त्यालाच होतो.

आणि एक जण काहीच बोलत नव्हता. नंतर कळलं, तो बटईनं करत होता. आठ एकर, निम्मं मालकाचं. ट्रॉलीत माल त्याचा, रांगेत तो, रात्रीचं जागरण त्याचं. पण नोंदणी मालकाच्या सातबाऱ्यावर आणि पैसे मालकाच्या खात्यात. पीएम-किसान नाही, नमो नाही. २०२३ च्या हंगामासाठी राज्यानं सोयाबीन-कापसाला हेक्टरी ५ हजार दिले तेही मालकाला. "मालक चांगला हाय, देतो," एवढंच तो म्हणाला. चांगल्या मालकावर अवलंबून राहावं लागणं, याला मी आधार म्हणू शकत नाही. आमच्या तालुक्यात अशी बटई दरवर्षी वाढते आहे, आणि तोंडी बोलीवरच चालते.

भावांतराचाही विषय निघाला. माल बाजारात विकायचा आणि फरक सरकारनं खात्यात टाकायचा. बारदान्याच्या रांगेत बसलेल्या माणसाला हे लगेच पटतं. मलाही पटलं होतं. पण मध्य प्रदेशात २०१७ ला हे करून बघितलं तेव्हा योजनेच्या काळात व्यापाऱ्यांनी भाव आणखी पाडल्याची ओरड झाली होती. त्या पदवीवाल्या पोराचं मत होतं की समोर सरकार खरोखरीच खरेदीला उभं असेल तरच बाजार घाबरतो. मग मात्र त्यानं पहिल्या दिवसापासून उभं राहिलं पाहिजे.

याच गप्पांत एका काकांनी शेतमाल तारण योजनेचं सांगितलं. पणन मंडळाची योजना, १९९० पासूनची. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. १४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मला हेच हवं होतं! ती १२ क्विंटल विकावी लागली नसती. चौतीस वर्षं जुनी योजना, आणि माझ्या दारापर्यंत तिचं नाव कोणी आणलं नव्हतं. पुढं चौकशी केली तर काही बाजार समित्या ती राबवतात, काही राबवत नाहीत, असं निघालं.

तिसऱ्या दिवशी आम्ही माल परत घेऊन आलो. ट्रॅक्टरवाल्यानं थांबल्याचे पैसे घेतले नाहीत.

नंतर जानेवारी उजाडला. खरेदीची मुदत १२ जानेवारीची. नऊ-दहा तारखेपर्यंत पुढचा मेसेज नव्हता आणि गावात रोज एक अफवा उठायची. आमच्या गल्लीतल्या तिघांनी त्याच आठवड्यात बाजारात चार हजारानं विकून टाकलं. मग मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढली. ३१ नंतर पुन्हा ६ फेब्रुवारीपर्यंत वाढली. मुदत वाढते तेव्हा वाट बघणाऱ्याला ती मिळते, आणि घाबरून विकलेल्याच्या वाट्याला काही येत नाही. तारीख आधीच सांगितली असती तर त्या तिघांच्या घरात क्विंटलमागं आठ-नऊशे रुपये जास्त आले असते. यात सरकारचा एक पैसाही जास्त गेला नसता.

आमचं वजन २१ जानेवारीला झालं. परत १,८०० भाडं. या वेळी ओलावा पावणेअकरा. माल तपासणाऱ्या ग्रेडरनं कट्ट्यात बंबी (पोकळ टोकदार नळी) मारून नमुना काढला, तळहातावर पसरून बघितला आणि माती-काडी जास्त आहे म्हणाला; दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. तिथंच चाळणी लावून सगळा माल पुन्हा चाळला. मी आणि मामा खाली पडलेला दाणा दाणा वेचत होतो. चाळणी-हमालीचे हजार रुपये गेले. ५० किलोप्रमाणे ३९ कट्टे भरले. पसरून वाळलेलं आणि चाळून गेलेलं मिळून अर्धा क्विंटल कमी. पावती हातात आली तेव्हा मामांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली: साडेएकोणीस क्विंटल, दर ४,८९२, एकूण ९५,३९४ रुपये.

पैसे यायला चोवीस दिवस लागले.

वहीत मी हिशोब मांडला. हेच वीस क्विंटल ऑक्टोबरात ४,१०० नं विकलं असतं तर ८२ हजार आले असते. हमीभावानं १३,३९४ जास्त मिळाले. त्यातून दोन खेपांचं भाडं आणि चाळणी-हमाली मिळून ४,६०० गेले. राहिले ८,७९४. आणि घाईनं विकलेल्या १२ क्विंटलवर गेले होते ९,५०४. चार महिने घर पसरून, दोन रात्री थंडीत काढून जे मिळवलं, ते त्या एका संध्याकाळी गेलं त्याहून कमी भरलं.

हे वाचून कोणी म्हणेल की मग हमीभाव केंद्र कशाला. तसं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या हंगामात महाराष्ट्रात ११ लाख टनांच्या वर सोयाबीन सरकारनं घेतलं, इतकं कधी घेतलं नव्हतं. केंद्रं नसती तर बाजार कुठं गेला असता याचा विचार करवत नाही. माझं म्हणणं वेळेचं आहे. राशीच्या दिवशी दारात माणसं उभी असतात, त्या दिवशी केंद्र उघडं पाहिजे, पोती आलेली पाहिजेत, ओलाव्याची अट आमच्या हवेला धरून आधीच ठरलेली पाहिजे. त्या दिवशी तारणाचे पैसे मिळत असतील तर निम्मं काम झालं. हे सगळं मी मार्चमध्ये ग्रामसभेत बोलले. पहिल्यांदाच बोलले. ठराव झाला, तालुक्याला गेला. त्यात बटईदाराच्या नावानं नोंदणी व्हावी हेही लिहून घेतलं. त्यावर मात्र दोन जमीनवाले उठून गेले.

२०२५ च्या खरिपात एक रुपयात मिळणारा पीक विमा बंद झाला. पुन्हा खरिपाला दोन टक्के हप्ता भरायचा होता आणि भरपाई कापणी प्रयोगावर, म्हणजे काही निवडक शेतं कापून मोजलेल्या उत्पन्नावर मिळणार होती. म्हणजे मुलीनं चिखलात उभं राहून काढलेल्या फोटोला मग तो अर्थ उरला नाही. मी हप्ता भरला. काढणी-मळणीसाठी हरभऱ्याच्या पैशातून ३० हजार वेगळे ठेवलेत. आमच्या बाजार समितीत तारण चालतं का, त्याची चिठ्ठी वहीत लावून ठेवली आहे: चालतं, गोदाम लहान आहे, आधी येईल त्याला.

२०२५ च्या मे महिन्यात २८ तारखेला टीव्हीवर त्या वर्षीचा नवा हमीभाव सांगितला. सोयाबीन ५,३२८, म्हणजे ४३६ रुपयांची वाढ. मी आत भाकरी करत होते. मुलगी ओरडून आकडा सांगत आली. ओट्यावर बसलेल्या मामांनी ऐकला आणि विचारलं, "केंद्र कोणत्या तारखेला उघडणार म्हणाले का?"

तिनं पुन्हा जाऊन बघितलं. ते काही सांगितलं नव्हतं.